आम्ल, आम्लारी आणि दादांचे पाय

मुंबईची लोकल कसाऱ्याला येऊन थांबते आणि तेथून पुढे घाट सुरू होतो. 1865 साली थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला पोचला. चढ 37 फुटांना 1 फूट असा असल्यामुळे वर जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटण्यासाठी येथे जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. त्या इंजिनांना आमच्याकडे ‘बँकर’ म्हणतात. माझ्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची, सारी नोकरी हे बँकर जोडण्या-सोडण्यात गेली. पावसाळ्यात घाटावरून धुके उतरले की हातातल्या बत्तीचा उजेड चार पावलांवर विरून जाई आणि तशा अंधारात दोन गाड्यांच्या मध्ये उभे राहून हे काम करावे लागे. दादांचा जीव त्यात कधी गुदमरला नाही. गुदमरले ते त्यांचे पोट.

पाळीच्या नोकरीत जेवणाला वेळ नसते. डबा कधी दुपारी दोनला उघडे, कधी पहाटे तीनला. बरोबरीला कडक चहा आणि तळलेला वडा. छातीत जळजळू लागले तेव्हा सोबतच्या एका वयस्क सहकाऱ्याने त्यांना उपाय शिकवला. अर्धा पेला पाणी घ्यायचे, त्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा टाकायचा, वर अर्धे लिंबू पिळायचे आणि फेस वर येत असतानाच घटाघटा पिऊन टाकायचे. एक दणदणीत ढेकर येई आणि दादा म्हणत, “गाडी सुटली!” हा प्रकार पस्तीस वर्षे चालला. दादा निवृत्त झाले, पण सोडा काही निवृत्त झाला नाही. आमची दोन घरे एका भिंतीला भिंत लावून आहेत. रात्री जेवणानंतर भिंतीपलीकडून चमचा पेल्यावर वाजल्याचा आवाज आला की माझी सौभाग्यवती म्हणे, “साडेनऊ झाले.”

मी व्यवसायाने शिक्षक होतो, तोही विज्ञानाचा. इयत्ता नववीच्या वर्गात 31 वर्षे मी ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा पाठ शिकवला. पुढे जे सांगायचे आहे त्यात माझी शोभा नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात दादांना रात्री उताणे झोपवेना. उशीवर उशी रचून ते बसून राहू लागले. जिना चढताना धाप लागे. पायांवर सूज आली. ती अशी की नडगीवर अंगठा दाबून उचलला तर खळगा तसाच राहावा. रुग्णालयात तपासण्या झाल्या. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली आहे, त्यामुळे शरीरात पाणी साठते, असे निदान झाले. औषधे सुरू झाली, त्यांत लघवी वाढवणारी गोळीही होती. रोज सकाळी वजन करायचे आणि मीठ कमी करायचे, एवढे दोन नियम डॉक्टरांनी घालून दिले.

वहिनींनी दुसरा नियम व्रतासारखा पाळला. लोणचे, पापड, फरसाण, सुके बोंबील, सारे घरातून गेले. भाजी, आमटी, भाकरी अळणी होऊ लागली. दादांना एकट्याला अळणी वाढणे त्यांच्या जिवाला बरे वाटेना, म्हणून त्या स्वतःही तेच खाऊ लागल्या. आमसूल, लिंबू, आले, कोथिंबीर यांच्या आधाराने त्यांनी चवीचा जो संसार चालवला तो मी पाहिला आहे. आजाऱ्याचे पथ्य सांभाळणाऱ्या घरोघरच्या बायका हे करतात आणि त्याची कोठे नोंद होत नाही.

एवढे करूनही सूज हटेना. आठ दिवस उतरे, पुन्हा चढे. वजन दोन दिवसांत दीड-दोन किलोने वाढे. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा अशी मुंबईचे पाणी अडवून धरणारी धरणे आहेत आणि उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहणारी माणसेही आहेत. दादा थट्टेने म्हणत, “आता माझ्या पायांतही एक धरण बांधलंय.” आम्हाला हसू येत नसे. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण वाढवले. दोन खेपांना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “घरात मीठ नक्की कमी झालं आहे ना?”

मी घरी आलो आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला. एके दिवशी दुपारी मी वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलो, पातेल्यातली भाजी चमच्याने चाखली आणि विचारले, “वहिनी, दादांच्या आग्रहामुळे कधी चिमूटभर घातलं जातं का? राग मानू नका, पण खरं सांगा.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चूल आवरली, हात पुसले. संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात मिठाची बरणी होती. “भावोजी, ही आता तुमच्याकडेच राहू द्या,” एवढेच म्हणाल्या आणि बरणी आमच्या ओट्यावर ठेवून निघून गेल्या. ती बरणी साडेतीन आठवडे आमच्याकडे होती. तिच्याकडे पाहत मी रोज चहा प्यायलो. दादांची सूज त्या काळातही उतरली नाही. खरे तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

पुढच्या भेटीआधी डॉक्टरांनी एक काम सांगितले. तीन दिवस दादांच्या तोंडात जे जे जाईल ते सारे वहीत लिहायचे. पाणी, चहा, औषध, सुपारी, काहीही वगळायचे नाही. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी नातवाच्या जुन्या वहीत ठळक अक्षरांत सर्व लिहिले. भाकरी दीड, मुगाची आमटी एक वाटी, दूधभोपळ्याची भाजी, ताक अर्धा पेला, गुडघ्याची गोळी एक. आणि तिन्ही दिवसांखाली एक ओळ होती: ‘सोडा – दुपारी 1, रात्री 1.’

ती वही मी लोकलमध्ये वाचली. शिक्षकाच्या सवयीने एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घही सुधारले. सोड्याच्या ओळीवरून माझी नजर तशीच पुढे गेली, कारण माझ्या लेखी सोडा हे अन्न नव्हते आणि मीठ तर नव्हतेच. ते दादांचे औषध होते, घड्याळाच्या ठोक्यासारखे ओळखीचे.

डॉक्टरांनी त्या ओळीखाली रेघ मारली. ते वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे असतील. म्हणाले, “सर, तुम्ही सायन्स शिकवत होता ना? पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात हा सोडा गेला की कोणता क्षार तयार होतो?”

मी उत्तर दिले. 31 वर्षांच्या सवयीचे उत्तर, ते ओठांवर यायला वेळ लागला नाही. “सोडियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.” आणि त्या पाच-सहा शब्दांच्या मध्येच मला ओट्यावरची बरणी दिसली.

आता थोडे वर्गात जाऊ या. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचेही तीव्र गुण मावळतात. याला उदासिनीकरण म्हणतात. या अभिक्रियेत पाणी तयार होते आणि क्षार तयार होतो. कोणता क्षार, हे ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. क्षाराच्या नावाचा पहिला शब्द आम्लारीकडून येतो आणि दुसरा आम्लाकडून. आम्लारी सोडियमची असेल तर पहिला शब्द सोडियम, मॅग्नेशियमची असेल तर मॅग्नेशियम. आम्ल हायड्रोक्लोरिक असेल तर दुसरा शब्द क्लोराइड, सल्फ्युरिक असेल तर सल्फेट, नायट्रिक असेल तर नायट्रेट, व्हिनेगरमधले ॲसेटिक असेल तर ॲसिटेट, लिंबातले सायट्रिक असेल तर सायट्रेट. आम्लारी कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असेल तर सोबत कार्बन डायऑक्साइड वायूही सुटतो. तोच तो फेस आणि तीच ती दादांची ढेकर.

वर्गात मी हे प्रयोगाने दाखवत असे. चंचूपात्रात सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण घ्यायचे, त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि ड्रॉपरने थेंबथेंब आम्ल सोडायचे. गुलाबी रंग नाहीसा झाला की थांबायचे. पात्राला हात लावला तर ते किंचित कोमट लागे, कारण या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. मग ते द्रावण बाष्पनपात्रात आटवायचे. तळाशी पांढरी पुटे उरत. “सर, हे मीठ का? चाखू का?” असे दरवर्षी कोणी ना कोणी विचारी आणि दरवर्षी मी रागावून सांगे, प्रयोगशाळेतला पदार्थ चाखायचा नाही. दोन दाहक द्रावणांतून स्वयंपाकघरातले मीठ निघते, हे नवल मुलांच्या डोळ्यांत उमटलेले पाहणे हा माझ्या नोकरीतला मोठा आनंद होता. तेच नवल शेजारच्या घरात रोज दोनदा घडत होते आणि ते मला दिसले नाही.

याला आपल्या भाषेचाही थोडा हातभार लागला असावा. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘क्षार’ म्हणजे आम्ल-आम्लारीतून निपजणारा पदार्थ. आयुर्वेदात आणि आजीच्या बटव्यात मात्र ‘क्षार’ म्हणजे आम्लाचा शत्रू: सज्जीखार, यवक्षार, पापडखार. एकच शब्द एका घरात औषधाचे काम करतो आणि दुसऱ्या घरात त्या औषधातून उरणाऱ्या वस्तूचे. शिवाय खाण्याचा सोडा रसायनशास्त्राच्या हिशेबी स्वतःच एक क्षार आहे, फक्त आम्लारिधर्मी. परीक्षेत हा प्रश्न विचारला तर हुशार मुलेही अडखळतात. वृद्ध माणसांनी अडखळावे यात नवल नाही.

पोटातले आम्ल हायड्रोक्लोरिकच आहे, हे तरी माणसाला कसे कळले? इंग्लंडमधले वैद्य विल्यम प्राउट यांनी 1824 साली यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी प्राण्यांच्या जठरातला द्रव घेऊन त्याचे भाग केले. काही भागांत मोजून अल्क घातला, आम्ल संपवले आणि मागे किती क्लोराइड उरले ते तपासले. म्हणजे क्षार ओळखला आणि त्यावरून आम्ल ओळखले. नववीच्या पाठातली रीत त्यांनी उलट्या बाजूने चालवली, असे मला नेहमी वाटते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. दादांचा चमचा ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलला. सपाट भरून साधारण 5 ग्रॅम सोडा भरला. 84 ग्रॅम सोड्यात 23 ग्रॅम सोडियम असते. 58.5 ग्रॅम मिठातही तेवढेच सोडियम असते. तेव्हा 5 ग्रॅम सोडा घेणे म्हणजे सोडियमच्या हिशेबी जवळजवळ साडेतीन ग्रॅम मीठ घेणे. दिवसातून दोनदा घेतला तर सात ग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दादांचे हृदय तर अशक्त. वहिनींनी चिमटीचिमटीने वाचवलेले मीठ दादा चमच्याने परत घेत होते आणि चोरी मात्र वहिनींच्या माथी आली होती.

लिंबाचे काय, असे कोणी विचारील. मीही दोन दिवस त्याच आशेवर होतो. लिंबाच्या रसाशी सोडा भेटला की पेल्यातच सोडियम सायट्रेट तयार होते, म्हणजे क्षाराचे नाव बदलते. पण पहिला शब्द बदलत नाही. त्यातही अर्ध्या लिंबातले आम्ल एक चमचा सोड्याला पुरत नाही. फेस विरला तरी बराचसा सोडा तसाच पोटात उतरतो. बाजारात फळांच्या क्षाराच्या नावाने मिळणारी फेसाळ पाकिटे आहेत, त्यांतही मुख्य घटक सोडा आणि सायट्रिक आम्ल हेच असतात. पाकिटावर ती नावे पुष्कळदा ‘स्वर्जिक्षार’ आणि ‘निंबुकाम्ल’ अशी संस्कृतात छापलेली असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यात सोडियम दिसत नाही. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या किंवा तापाच्या गोळ्यांतही बहुधा सोडियम असते.

एका चौकस विद्यार्थ्याने पूर्वी विचारलेला प्रश्न मला याच सुमारास आठवला. “सर, पोटातलं आम्ल शरीरानेच तयार केलं ना? मग त्यातलं क्लोराइडही शरीराचंच. मग बाहेरून नवीन काय आलं?” प्रश्न अचूक आहे. जठराच्या पेशी क्लोराइड रक्तातूनच उचलतात. सोड्याबरोबर बाहेरून नवे येते ते सोडियम, आणि अशक्त हृदयाच्या माणसात पाणी धरून ठेवण्याचे काम ते सोडियमच करते. म्हणून क्षाराच्या नावातला पहिला शब्द आपण काळजीवाहूंनी अधिक लक्षपूर्वक वाचावा.

हा पहिला शब्द इतर औषधांतही वाचता येतो, आणि तो वाचल्यावर कितीतरी तक्रारींचा उलगडा होतो. आम्लपित्तावरची पांढरी किंवा गुलाबी पातळ औषधे पुष्कळदा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड यांची असतात. पोटात त्यांची मॅग्नेशियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड होतात. मॅग्नेशियमच्या क्षारांनी जुलाब होऊ शकतात, ॲल्युमिनियममुळे बद्धकोष्ठ होऊ शकते. दोन्ही एकत्र घालण्यामागे एकाने दुसऱ्याला सावरावे हा हेतू असतो, पण वृद्ध माणसाच्या आतड्यात तोल नेहमी साधतोच असे नाही. मूत्रपिंडे थकलेली असतील तर मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही शरीरात साठू शकतात, म्हणून अशा रुग्णाने ही बाटली विचारल्याशिवाय उघडू नये. चघळायच्या खडूसारख्या गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, त्यांपासून कॅल्शियम क्लोराइड होते. त्या सतत आणि भरपूर खाल्ल्या तर रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. काही पातळ औषधांत सोडाही मिसळलेला असतो. शिवाय ही सारी औषधे इतर गोळ्यांच्या शोषणात अडथळा आणतात, विशेषतः थायरॉइडच्या आणि लोहाच्या. दोहोंमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

मिठाला पर्याय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या गोष्टींचेही असेच आहे. शेंदेलोण आणि पादेलोण यांना उपवासाचे किंवा औषधाचे वलय असले तरी दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. कित्येकांना ते चालते. पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, किंवा रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना, रक्तातले पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. आमच्या दादांना ते मनाई आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांच्या रक्तात आम्लता वाढते, त्यांना डॉक्टर जाणूनबुजून सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. हा लेख वाचून त्या कोणी बंद करू नयेत. आणि रासायनिक भाजण्याच्या बाबतीत तर उदासिनीकरणाचा मोह मुळीच नको. संडास धुण्याचे आम्ल अंगावर सांडले तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे, वर सोडा चोळू नये. चंचूपात्र कोमट करणारी तीच उष्णता जखमेवर अधिक इजा करते. असे आम्ल कोणी चुकून प्यायले तर सोडा पाजून किंवा ओकारी काढून घरगुती उपचार न करता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांनी दादांचा सोडा बंद केला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. पस्तीस वर्षे जळजळ का, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, तो त्यांनी विचारला. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते जठरातल्या ज्या जिवाणूमुळे व्रण होतात त्याच्या शोधासाठी. त्या जिवाणूची तपासणी झाली, ती नकारात्मक आली. गुन्हेगार वहिनींच्या वहीतच दुसऱ्या ओळीवर बसलेला निघाला. गुडघ्याची गोळी. दुकानातून परस्पर आणलेली ती वेदनाशामक गोळी दादा वर्षानुवर्षे घेत होते. अशा गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि त्यांतल्या पुष्कळशा शरीरात पाणी आणि सोडियमही अडवून ठेवतात. गोळीने जळजळ, जळजळीसाठी सोडा, सोड्याने सूज, सुजेने जड झालेले पाय, आणि जड पायांनी दुखावलेल्या गुडघ्यासाठी पुन्हा गोळी. तेव्हा सारी सूज एकट्या सोड्याची होती असे मी म्हणणार नाही. दादांना दुसरी औषधे मिळाली, रात्रीचे जेवण सात वाजता आले, पलंगाची डोक्याकडची बाजू दोन विटांनी उंच झाली.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी बजावली, ती मी जशीच्या तशी लिहितो. वृद्ध माणसाच्या छातीतली प्रत्येक जळजळ पोटातली नसते. घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा चालताना वाढणारी बेचैनी असेल तर सोडा पाजून ढेकरेची वाट पाहत बसू नये. कसाऱ्यासारख्या ठिकाणी मोठे रुग्णालय दूर असते. ढेकरेची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात दादांना फार त्रास झाला. जळजळीपेक्षा सवयीचा अधिक. साडेनऊ वाजले की ते उठून स्वयंपाकघरात जात, रिकामा पेला हातात घेत आणि परत येत. चौथ्या रात्री त्यांनी वहिनींना सोड्याची पुडी कोठे ठेवली म्हणून विचारले आणि मग स्वतःच म्हणाले, “सांगू नकोस.” दहा-बारा दिवसांनी वजनाच्या तक्त्यावरचा आकडा हळूहळू खाली येऊ लागला. दिवाळीला दादा काठी न घेता स्थानकापर्यंत चालत गेले आणि फलाटावर बसून त्यांनी बँकर लागताना पाहिला. त्यांचे हृदय नवे झालेले नाही, औषधे जन्मभराची आहेत. सूज अधूनमधून येते, पण आता ती आली की आम्ही वही उघडतो.

मिठाची बरणी परत द्यायला मी गेलो तो दिवस मला नीट आठवतो. काय बोलायचे ते मी भिंतीच्या अलीकडे दोनदा घोकले होते. प्रत्यक्षात मी बरणी ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, “वहिनी, मीठ दादांच्या पेल्यात होतं. मी 31 वर्षं ते फळ्यावर लिहीत होतो. तुमच्यावर संशय घेतला, मला क्षमा करा.”

वहिनी मेथी निवडत होत्या. थोडा वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, “मी ओळ लिहिली होती, भावोजी. तीन दिवस लिहिली होती.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी पाट ओढून बसलो आणि त्यांच्याबरोबर मेथी निवडू लागलो.

यंदा उन्हाळ्यात शेजारणींबरोबर पापड लाटायला बसल्या असताना त्यांनी मला हाक मारली. हातात पापडखाराची पुडी होती. चष्मा कपाळावर सरकवून, पुडी डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारले, “भावोजी, यातला पहिला शब्द कोणता?” मी सांगितले, “सोडियम.” त्यांनी मान डोलावली, दादांच्या वाट्याचे पीठ पुडीचा हात लागण्याआधीच वेगळे काढले आणि लाटणे पुन्हा चालू केले.